घरात व्हिएतनामी पासपोर्ट असेल तर

सायगॉनमध्ये राहून मला आता अकरा वर्षं झाली. गाव वाई, नोकरी कापडाच्या कारखान्यात, बायको इथलीच. तिचं माहेर मेकाँगच्या खोऱ्यात, हाउ यांगला. (शहराचं सरकारी नाव हो ची मिन्ह सिटी, पण बोलताना सगळे सायगॉनच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितोय.) इथे आणि हनोईत राहणाऱ्या काही मराठी मंडळींनी माझ्यासारखी इथेच लग्नं केली, काहींच्या कंपनीतली व्हिएतनामी माणसं कामासाठी पुण्या-मुंबईला जातात. महिन्याआड कुणाचा तरी फोन येतो, "हिच्या आईवडिलांना गावी न्यायचंय, काय काय करावं लागतं?" ते सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण तीच सगळ्यांच्या हातून होते.

२०२४ च्या फेब्रुवारीत वाईला माझ्या भाच्याची मुंज होती. सासूबाई तेव्हा ६३ वर्षांच्या, जन्मात विमानात बसलेल्या नव्हत्या. त्यांनी मुंजीसाठी म्हणून पासपोर्ट काढला, नवा आओ झाय (इथला पारंपरिक पोशाख) शिवून घेतला. नुकताच तेत, म्हणजे इथलं नवीन वर्ष, होऊन गेला होता; तेतला पैसे भेट देतात त्यातलंच एक लाल पाकीट बटूच्या भिक्षावळीसाठी पैसे घालून पर्समध्ये जपून ठेवलं. भारताचा ई-व्हिसा मी भरला. सायगॉनच्या तान सोन न्यात विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने व्हिसाचा कागद आणि पासपोर्ट शेजारी शेजारी धरले, दोनदा वाचले आणि बोर्डिंग पास देता येणार नाही म्हणाली. व्हिसावर आडनावाच्या जागी सासूबाईंचं स्वतःचं नाव होतं आणि नावाच्या जागी आडनाव. सासूबाई मलाच समजावत होत्या, "खोंग साओ, कोन." काही हरकत नाही, बाळा. नवा व्हिसा चौथ्या दिवशी आला. तोवर मुंज होऊन गेली होती.

नाव कसं लिहायचं

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, हे आपल्या हाडात मुरलेलं. व्हिएतनामी नाव नेमकं उलटं चालतं. आधी घराण्याचं नाव, मग मधलं, आणि स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. समजा एखादीचं नाव न्गुयेन थी होआ. यात न्गुयेन हे आडनाव, थी हे बायकांच्या नावात फार आढळणारं मधलं नाव, आणि हाक मारायची ती होआ. घरात, ऑफिसात, डॉक्टरकडे सगळीकडे तिला होआ म्हणतात. त्यामुळे आपण फॉर्म भरायला बसलो की होआ हेच आडनावात टाकून मोकळे होतो.

यावर खात्रीचा उपाय पासपोर्टवरच छापलेला असतो. फोटोच्या पानावर अगदी खाली मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात. पहिली ओळ रोमन पी अक्षराने सुरू होते, मग व्हिएतनामचा तीन अक्षरी कोड, आणि लगेच नाव. नावात एका ठिकाणी सलग दोन कोन (<< अशा खुणा) येतात. त्या दोन कोनांच्या आधीचं सगळं आडनाव, नंतरचं सगळं नाव. मधलं नाव आणि स्वतःचं नाव यांच्यामध्ये एकच कोन असतो. विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, विमा, जे काही भराल ते त्या ओळीत पाहून भरा. माणसाला विचारून भरू नका, लग्नपत्रिकेवरून भरू नका, आणि मोबाइलमध्ये ज्या नावाने नंबर ठेवलाय त्यावरून तर अजिबातच नको.

व्हिएतनामी अक्षरांवर खाली-वर स्वरांच्या खुणा असतात, त्या खालच्या ओळीत गळतात. तुम्हीही त्या न घालता साधी रोमन अक्षरं लिहा. इथल्या बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, तेव्हा कौतुकाने सुनेच्या नावापुढे आपलं आडनाव लावून तिकीट काढू नका. एका ओळखीच्या घरात सासऱ्यांनी प्रेमापोटी तसं केलं आणि अख्खं तिकीट नव्याने काढावं लागलं.

पासपोर्ट हातात आल्यावर

व्हिएतनामी भाषेत पासपोर्टला हो चिएउ म्हणतात. तो सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाचा इमिग्रेशन विभाग देतो. प्रांताच्या पोलिसांच्या इमिग्रेशन कार्यालयात किंवा सरकारच्या सेवा पोर्टलवर अर्ज करता येतो. नागरिकाचं ओळखपत्र (कान कुओक), ४ बाय ६ सेंटिमीटरचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आणि २ लाख डाँग फी. फोटोत चष्मा नको. कागद व्यवस्थित असले की प्रांताच्या कार्यालयातून साधारण कामाच्या ८ दिवसांत पासपोर्ट तयार होतो. सासूबाईंचा पोस्टाने घरी आला. मुंबईच्या अनुभवाने मी महिनाभर धरून चाललो होतो, इथे ते काम खरंच पटकन झालं.

१४ वर्षांवरच्या माणसाला १० वर्षांचा पासपोर्ट मिळतो, १४ च्या आतल्या मुलाला ५ वर्षांचा. मुदत वाढवून मिळत नाही, नवाच काढावा लागतो. बहुतेक देशांना प्रवासाच्या दिवशी निदान ६ महिने मुदत शिल्लक लागते, म्हणजे १० वर्षांतली साडेनऊच वापरायची असं समजा.

आता या पासपोर्टमधली एक जागा नीट तपासा. १ जुलै २०२२ पासून जुन्या हिरव्या पासपोर्टऐवजी गडद निळा-जांभळा नवा पासपोर्ट सुरू झाला. त्याच्या माहितीच्या पानावर जन्मस्थळच छापलेलं नव्हतं. २७ जुलैला जर्मनीने हा पासपोर्ट व्हिसासाठी मानणार नाही असं जाहीर केलं, पाठोपाठ झेक प्रजासत्ताकानेही. मग सप्टेंबरपासून मागणाऱ्याला जन्मस्थळाची नोंद शेरा म्हणून पासपोर्टमध्ये करून मिळू लागली, आणि १ जानेवारी २०२३ पासून जन्मस्थळ पुन्हा पानावर छापलं जाऊ लागलं. या मधल्या सहा महिन्यांत निघालेले पासपोर्ट आजही चालू आहेत, २०३२ पर्यंत राहतील. माझ्या बायकोचा त्यातलाच होता, ऑगस्ट २०२२ चा. ऑफिसने जर्मनीतल्या प्रदर्शनाला पाठवायचं ठरवलं तेव्हा आम्ही शेऱ्याच्या फंदात न पडता सरळ नवा काढला. तुमच्या घरातल्या पासपोर्टवर २०२२ च्या उत्तरार्धातली तारीख असेल आणि युरोपचा विचार असेल, तर माझा सल्ला हाच. २ लाख डाँग म्हणजे आपले सहा-सातशे रुपये. त्यासाठी व्हिसाची फी आणि महिनाभराची वाट पणाला लावू नये.

१ मार्च २०२३ पासून चिपवाला पासपोर्टही मिळतो. पर्याय असेल तर चिपवालाच मागा.

आणखी एक गुंता नवा आहे. १ जुलै २०२५ ला व्हिएतनामने ६३ प्रांतांचे ३४ केले. सासूबाईंचं हाउ यांग कान थोमध्ये गेलं, आमचा कारखाना आहे ते बिन्ह झुओंग हो ची मिन्ह सिटीत आलं. जुने पासपोर्ट त्यामुळे बाद होत नाहीत. पण फॉर्ममध्ये जन्मस्थळ लिहिताना आज त्या गावाला काय म्हणतात ते लिहू नका, पासपोर्टवर छापलंय ते लिहा. पत्ता मात्र आजचा द्या.

भारतात आणायचं असेल तर

व्हिएतनामी नागरिकाला भारताचा ई-व्हिसा मिळतो. नातेवाइकांना भेटायला येणं पर्यटनाच्या ई-व्हिसात बसतं. ३० दिवसांचा, १ वर्षाचा आणि ५ वर्षांचा असे प्रकार आहेत. ३० दिवसांच्या व्हिसावर दोनदा प्रवेश करता येतो. निदान चार दिवस आधी अर्ज करावा असं नियम सांगतो. मी म्हणेन दोन आठवडे धरा, म्हणजे माझ्यासारखी चूक झाली तरी पुन्हा भरायला वेळ राहतो. फी परत मिळत नाही.

अर्ज भारत सरकारच्या साइटवरच करा, पत्ता डॉट गव्ह डॉट इनने संपतो का ते बघा. शोधलं की वर येतात त्या बऱ्याच साइट खाजगी असतात, दिसायला हुबेहूब सरकारी, आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

फॉर्म लांबलचक आहे आणि त्यातले काही प्रश्न व्हिएतनामी माणसाला चक्रावून टाकतात. आईवडिलांची नावं आणि त्यांची जन्मगावं लागतात. सासूबाईंना त्यांच्या आईचं जन्मगाव आठवायला गावाकडे भावाला फोन लावावा लागला, दोघं अर्धा तास बोलत बसले. शरीरावरची ओळखीची खूण विचारतात. डाव्या हातावरचा विळ्याचा वण आम्ही लिहिला. मग धर्म. इथल्या पुष्कळ लोकांच्या सरकारी कागदांवर धर्माच्या जागी 'नाही' असं लिहिलेलं असतं. घरात पूर्वजांचा देव्हारा असतो, रोज उदबत्ती लागते, पौर्णिमेला पॅगोडात जातात, तरी कागदावर 'नाही'. आपल्या माणसाला ते विचित्र वाटतं आणि तो स्वतःच 'बौद्ध' भरून टाकतो. तसं करू नका. ज्याचा व्हिसा आहे त्याला विचारा. सासूबाई म्हणाल्या बौद्ध, म्हणून बौद्ध लिहिलं. सासरे म्हणाले काहीच नाही, त्यांच्यासाठी 'इतर' निवडलं.

फोटो चौकोनी लागतो, इथला ४ बाय ६ चा चालत नाही. पासपोर्टच्या पानाची पीडीएफ ३०० केबीच्या आत हवी. मोबाइलने काढलेल्या फोटोत प्लॅस्टिकवर दिव्याची तिरीप येते आणि खालच्या दोन ओळी पुसट होतात, तेव्हा दुकानात जाऊन स्कॅन करून घ्या.

ई-व्हिसावर ठरावीक विमानतळांवरच उतरता येतं. मुंबई, पुणे, नागपूर, गोव्याचे दाबोळी आणि मोपा हे सगळे त्यात आहेत. भारतात येणाऱ्या परदेशी पाहुण्याला १ ऑक्टोबर २०२५ पासून ई-अरायव्हल कार्डही ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे.

वयस्कर माणूस एकटा येत असेल तर इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून द्या. कोण, कुणाकडे, किती दिवस, घ्यायला कोण येणार, त्याचा नंबर. सासूबाईंच्या हातात मी अशी चिठ्ठी दिली होती. मुंबईला बोटांचे ठसे घेताना त्या गोंधळल्या, ठसे नीट उमटेनात. शेतात काम केलेल्या हातांचं असं होतं. त्यांनी चिठ्ठी पुढे केली, अधिकाऱ्याने बाहेर उभ्या असलेल्या माझ्या भावाला फोन लावला, आणि सगळं शांतपणे पार पडलं. हात कोरडे असतील तर रांगेत असतानाच थोडं व्हॅसलीन चोळायला सांगा.

घरी उतरवलंत की तुमचं काम संपलं नाही. परदेशी पाहुणा घरात राहिला तर त्याची नोंद यजमानाने २४ तासांच्या आत ऑनलाइन करायची असते. लोक याला सी-फॉर्म म्हणतात. फक्त हॉटेलांनाच हे लागू आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे, घरालाही लागू आहे. पाहुणा यायच्या आठवडाभर आधी यजमान म्हणून नाव नोंदवून ठेवा. त्या दिवशी घरात ओवाळणी, जेवणं चाललेली असतात, तेव्हा पासवर्ड शोधत बसणं होत नाही.

लग्न नोंदवून दोन वर्षं झाली असतील तर भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डसाठी अर्ज करता येतो, मग व्हिसाचा प्रश्नच मिटतो. उलट बाजूने, व्हिएतनामी जोडीदार असलेल्या आपल्या माणसाला व्हिएतनाम पाच वर्षांपर्यंतचं व्हिसामाफी प्रमाणपत्र देतं, एका वेळी १८० दिवसांपर्यंत राहता येतं.

शेजारचे देश

आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या, बहुतेक देशांमध्ये व्हिएतनामी पासपोर्टवर व्हिसाशिवाय जाता येतं. मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, कंबोडिया, लाओसमध्ये ३० दिवस, फिलिपिन्समध्ये २१, ब्रुनेईत १४. थायलंडलाही व्हिसा लागत नाही. जगभरातले असे सोपे देश मोजले तर पन्नासच्या आसपास भरतात.

नवरा भारतीय आणि बायको व्हिएतनामी असेल तर सहल ठरवताना दोन्ही पासपोर्ट टेबलावर ठेवा. सिंगापूरला माझी बायको बॅग उचलून जाऊ शकते, मला आधी व्हिसा काढावा लागतो. बालीला ती तशीच आत जाते, मी उतरल्यावर पैसे भरून व्हिसा घेतो. नेपाळला उलटं, मी मोकळा आणि ती विमानतळावर व्हिसाच्या रांगेत. थायलंडला दोघांनाही सोपं, म्हणून आमची पहिली सहल बँकॉकची झाली. व्हिसा लागत नसला तरी आगमनाचं ऑनलाइन कार्ड बऱ्याच ठिकाणी आलंय: सिंगापूरला, मलेशियाला, आणि १ मे २०२५ पासून थायलंडलाही. तिन्ही फुकट आहेत, पैसे मागणारी साइट बंद करा.

तरुण व्हिएतनामी मुली एकट्या जात असतील तर एक गोष्ट मनापासून सांगतो. व्हिसामाफी असली तरी विमानतळावर त्यांना बाजूला घेऊन प्रश्न विचारतात. माझी मेहुणी मैत्रिणीकडे चार दिवसांसाठी शेजारच्या एका देशात गेली, तिला दोन तास बसवून ठेवलं. परतीचं तिकीट होतं, पण राहण्याचा पत्ता फक्त मेसेजमध्ये, आणि फोनची बॅटरी उतरलेली. तिचा काहीच गुन्हा नव्हता, तरी रडून आली. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, मैत्रिणीचा नंबर, नोकरीचं पत्र आणि थोडी रोकड, हे कागदावर छापून हातात द्या.

कोरा पासपोर्ट आणि अवघड व्हिसे

जपान, कोरिया, युरोप, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या सगळ्यांना व्हिसा लागतो. इथले लोक ज्यावर एकही शिक्का नाही अशा पासपोर्टला हो चिएउ त्रांग, म्हणजे पांढरा पासपोर्ट म्हणतात, आणि असा पासपोर्ट घेऊन थेट युरोपचा अर्ज करायला बिचकतात. माझ्या मते ही भीती जरा जास्तच आहे, पण आधी एक-दोन शेजारचे देश करून यावेत हे चांगलंच. आम्ही सासऱ्यांना आधी बसने मोक बायच्या सीमेवरच्या नाक्यावरून कंबोडियातल्या नॉम पेन्हला नेलं. इमिग्रेशनची खिडकी म्हणजे काय, पासपोर्ट कुठे द्यायचा, शिक्का कुठे बघायचा, हे त्यांना घराजवळच कळलं.

या व्हिशांसाठी खरी परीक्षा पासपोर्टची नसते, माणूस परत येईल का याची असते. नोकरीचा करार, रजेचं पत्र, सामाजिक विम्याची नोंद, काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सो तिएत किएम म्हणजे बचतीचं पुस्तक, आणि जमीन किंवा घर असेल तर त्याचं लाल पुस्तक, सो दो. बचतीचं पुस्तक गेल्या आठवड्यात उघडलेलं असेल तर त्याचा उपयोग कमी. सहा महिने आधी पैसे ठेवा. सासऱ्यांसारख्या शेतकऱ्याकडे पगारपत्रक नसतं. तिथे लाल पुस्तक, पीक विकल्याच्या पावत्या, आणि मुलीचं खर्च उचलण्याचं पत्र, असं जे खरं आहे ते नीट मांडायचं.

रस्त्यावर 'बाओ दाउ' अशा पाट्या दिसतील. बाओ दाउ म्हणजे पास होण्याची हमी. व्हिसाची हमी कुठलाही एजंट देऊ शकत नाही. असे लोक खोटं नोकरीचं पत्र, खोटं स्टेटमेंट जोडतात, आणि पकडलं गेलं की पैसे एजंटचे जात नाहीत, नाव त्या माणसाचं वर्षानुवर्षं नोंदीत राहतं. आमच्या कारखान्यातल्या एका कटिंग मास्तरला अशाने आयुष्यभराची बचत गमवावी लागली. मदत लागते ती भाषांतराला आणि नोटरीला, तेवढीच विकत घ्या.

एक अवघड व्हिसा मिळाला की पुढची काही दारं उघडतात. अमेरिका, जपान, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) अशा व्हिसावर तैवानची परवानगी ऑनलाइन मिळते. अमेरिकेच्या चालू व्हिसावर मेक्सिकोलाही जाता येतं. पण अमेरिकेचा पर्यटन व्हिसा व्हिएतनामी माणसाला एक वर्षाचाच मिळतो, आपल्याला दहा वर्षांचा. एकाच घरात राहून दोघांनी शेजारी बसून मुलाखत दिली तरी हा फरक राहतो. तेव्हा तिचा व्हिसा कधी संपतो ती तारीख वेगळी लिहून ठेवा.

सासूबाईंनी ते लाल पाकीट मुंजीनंतर आठव्या दिवशी दिलं. भाच्याच्या डोक्यावर अजून नुसते खुंट होते, त्याने ओसरीवर झोळी पसरून पुन्हा एकदा "ॐ भवति भिक्षां देहि" म्हटलं. आता त्यांना या हिवाळ्यात बोधगयेला जायचंय. गया विमानतळही ई-व्हिसाच्या यादीत आहे. परवा रात्री आम्ही फॉर्म भरायला बसलो, तेव्हा चष्मा लावून त्याच पासपोर्टची खालची ओळ एकेक अक्षर वाचून दाखवत होत्या, दोन कोन आले की थांबत होत्या, आणि मी टाइप करत होतो.